शाहिराची पाचवी पायरी

नवरामुलगा पारखायच्या आमच्याकडे बऱ्याच रीती आहेत. कोणी पत्रिका बघतं, कोणी देवाला कौल लावतं, कोणी गुपचूप त्याच्या कचेरीत जाऊन शिपायाला विडी देतं आणि विचारतं. माझ्यासाठी आमच्या विश्रामदादाने जी रीत काढली, ती मात्र अख्ख्या वेंगुर्ल्यात कोणी काढली नसेल. त्याने त्या मुलाला राक्षसांशी लढायला लावलं.

पंच्याऐंशी सालचा श्रावण होता. दादा बोटीवर रेडिओ ऑफिसर. नऊ महिन्यांनी रजेवर आला होता. मी हायस्कुलात गणित शिकवत होते आणि वय सत्तावीस, म्हणजे गावाच्या हिशेबात माझी एसटी केव्हाच चुकली होती. अशात परशुरामचं स्थळ आलं. पंचायत समितीत कारकून, शांत स्वभाव, बिडीकाडीचं व्यसन नाही. खोट एकच. कार्तिक ते वैशाख तो दशावतारी कंपनीत काम करायचा, आणि तेही बाईचं. नाव परशुराम, आणि रंगात राणी! रात्रभर जत्रेत लुगडं नेसून गायचं, सकाळी तोंड धुवून कचेरीत टाइपरायटरसमोर बसायचं.

आमचे आबा मामलेदार कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. पहिल्याच भेटीत त्यांनी त्याला सांगितलं, "नोकरी तरी धर, नायतर नाटक तरी. दोन डगरींवर पाय ठेवणारो मधीच पडता."

परशुराम थोडा वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "तुमी म्हणतास तर सोडतंय."

आबा खूश झाले. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. मी त्याचं काम कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं. नववी-ब ची पोरं कसली आहेत ते मला ठाऊक होतं. बाईंचा नवरा राणी होतो हे कळल्यावर त्यांनी मला वर्गाकडे पाठ करू दिली नसती.

एकटा दादा खूश नव्हता. पाहुणे गेल्यावर तो आबांना म्हणाला, "इतक्या लवकर हो म्हणणारो माणूस बरो की वायट, ता माका कळना नाय. माका चार रविवार देवा. नाटक सोडतंय म्हणान कंपनीच्या मालकाक तो गणपतीआधी कळवतलो, तवसर टायम आसा." आणि त्याने ट्रंकेतून एक खोका काढला.

खोक्यात एक जाड इंग्रजी पुस्तक, शिसपेन्सिली आणि विचित्र आकाराचे फासे होते. एकाला तर वीस बाजू. ना पट, ना सोंगट्या. बोटीवर हा खेळ खेळूनच आपल्याला माणसं कळली, असं दादा म्हणाला. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, त्याची पायरी आणि जिवाचे ठिपके आपापल्या कागदावर मांडायचे, गोष्टीत आपण काय करतो ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवणार. सोंगं ठरलेली होती: योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. पराक्रम केला की माणूस पायरीपायरीने वर चढणार. उगाच तळापासून रखडायला नको म्हणून दादाने आम्हाला चौथ्या पायरीपासूनच सुरुवात करून दिली.

मी चोर घेतला.

"माझी पोरगी चोर?" आरामखुर्चीतून आबा ओरडले. नापासांना मार्क देत नाही म्हणून अख्खा गाव मला दरोडेखोर म्हणतच होता, तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही.

रविवारी बोलावल्याप्रमाणे आलेला परशुराम योद्धा झाला. पडवीत आम्ही तिघं, दारात आई फणसाच्या आठळ्या सोलत, आणि खुर्चीत पेपराआड आबा. दादाने अरण्य उभं केलं, वाट काळोखी केली आणि म्हणाला, "समोर राक्षस इलो. काय करतलास?"

परशुराम ताडकन उभा राहिला. कचेरीतला तो खाली बघणारा कारकून एकदम कुठे गेला कोण जाणे. छाती काढून, शुद्ध मराठीत, "कोण रे तू? कोणत्या नगरीचा? आमचा मार्ग अडवण्याचं कारण काय?"

"अरे, तो बोलना नाय. तो मारता," दादा म्हणाला.

परशुराम गोंधळला. "नाव-गाव सांगल्याशिवाय? आमच्यात राक्षस झालो तरी आधी बोलता, मगे गाता, आणि मगेच लढता."

तेवढ्यात पेपराआडून गर्जना झाली, "मूढ मानवा! या अरण्याचा अधिपती मी आहे!"

आईच्या हातातली आठळी पडली. आबांनी पेपर आणखी वर धरला आणि आतून पुटपुटले, "ल्हानपणी ऐकलेला रवता डोक्यात. खेळा तुमी."

परशुराम गायला. राक्षसाला उत्तर म्हणून, उभ्या उभ्या जुळवलेलं पद. वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. तो आवाज मला आवडला. आवडला म्हणजे काय, सोमवारी फळ्यावर समीकरण सोडवताना मी तीच चाल गुणगुणत होते आणि नववी-ब चिडीचूप बसली होती.

दादाने मात्र डोकं खाजवत पुस्तक उघडलं. पुस्तकात गाणाऱ्याचंही सोंग होतं. हत्यार न उचलता गाण्याने सोबत्यांच्या अंगात बळ आणायचं, असं. दादाने त्याला शाहीर म्हटलं. पण योद्ध्याला शाहीर व्हायचं तर अट होती. तलवार खाली ठेवायची आणि गाणं अगदी पहिल्या पायरीपासून चढायचं. योद्धा चौथ्या पायरीवर होता ना, मग गाणं पाचवीवर गेलं की दोन्ही मोकळी. तलवारही चालव, गाणंही गा. पण त्याआधी एकदा जरी तलवारीला हात लावला, तरी मिळवलेलं सगळं गाणं पुसायचं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर.

"म्हणजे ह्या पुस्तकातय आबाच बसलेत," परशुराम हळूच म्हणाला. मला फस्सकन हसू आलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही हसला. मग तलवार खाली ठेवली.

पुढचे दोन रविवार तो नुसता गात होता. भुयारात, दलदलीत, डोंगरकड्यावर. मी कुलपं फोडत होते, आणि त्याच्या गाण्यामुळे माझे फासे भारी पडत होते. एरवी फाशाला कान नसतात हे मलाही कळतं, मी गणित शिकवते. पण रविवार उजाडला की मी सकाळपासून फाटकाकडे बघत असायचे. त्याचं गाणं चौथ्या पायरीवर पोचलं.

चौथ्या रविवारी दादाने शेवटची गुहा आणली. खजिन्याची पेटी उघडताना माझ्या पायाखालची फरशी सरकली, मी खड्ड्यात पडले आणि वर एक अजस्र राक्षस कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. माझ्या चोराच्या अंगात दोनच ठिपक्यांचा जीव उरला होता.

"परशुराम, तुझी पाळी," दादा म्हणाला. "ह्या गुहेतसून गात भायर पडलंस, तर पाचवी पायरी तुझी."

मी मनात हिशेब केला. त्याने गाऊन राक्षसाला थोपवायचं, तर वीस बाजूंच्या फाशावर सतरा किंवा वर पडायला हवं, पाचात एकदा. तलवारीने मारायचं तर सहा पडले तरी पुरे, चारात तीनदा. हे गणित नववी-ब लाही जमलं असतं.

"तलवार घेतंय," परशुराम म्हणाला.

"नीट इचार कर. चार रविवारांचा गाणा जातला."

"असू दे."

त्याने खोडरबर उचलला आणि फासा टाकायच्या आधीच आपल्या कागदावरचं गाणं पुसायला घेतलं. घाई नाही, चिडचिड नाही. कचेरीतला कागद नीट करावा तसं पुसलं, फुंकर मारली. तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. हाच चेहरा मी पहिल्या भेटीत बघितला होता आणि त्याला शांत स्वभाव समजले होते.

हा माणूस माझ्यासाठी नाटक सोडणार होता. सोडल्यावर एका शब्दाने बोलून दाखवणार नव्हता. कार्तिकात जत्रा लागली की माझ्या शेजारी गप्प पडून राहणार होता, आणि मी विचारलं तर म्हणणार होता, असू दे. असा जन्मभर. आणि मला तर त्याचं गाणं हवं होतं! ते पुसून उरलेला नवरा घेऊन मी काय करणार होते?

मी त्याच्या हातातला खोडरबर हिसकावून घेतला.

"तलवार नको. तुमी गाणा म्हणा."

"अवो, तुमी मरतल्यात," तो म्हणाला.

"मरूंदे. माझो चोर, मी काय ता बघतंय. तुमी म्हणा."

तो उभा राहिला आणि गायला. आवाज आधी कापत होता, मग लागला. दारात आईने हात थांबवले. पद संपल्यावर त्याने फासा टाकला.

अकरा.

दादाने माझ्या चोरावर काट मारली. मला वाटलं, आता हसतील सगळे. पण परशुरामच्या डोळ्यांत पाणी होतं. "बारा वर्सां कंपनीत आसंय," तो म्हणाला. "घरात, हापिसात, ज्येनी त्येनी सोड म्हणान सांगल्यानी. गाणा म्हण म्हणान कोणी सांगूक नाय."

मी उठले आणि आबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, तुमची अट मागे घेवा. नाटक सोडून येतलो, तर ह्या लग्न माका नको. नाटकासकट येतलो, तर व्हया."

"आणि लोक काय म्हणतले?" आबा म्हणाले. "शाळेतली पोरां?"

"म्हणांदेत. नापास करीन."

आबांनी पेपराची घडी घातली. घडीवर घडी, पार पाकिटाएवढी. मग माझ्याकडे नाही, परशुरामकडे बघून त्यांनी हेडक्लार्कच्या आवाजात विचारलं, "जत्रेतसून सकाळी किती वाजता घराक पोचतस?"

"सहा. लांब आसली तर साडेसात."

"आणि हापिस साडेधाक. मधी निजलंस तर तुका उठयतला कोण?"

बारा वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नसावं.

"मी," मी म्हणाले.