वरच्या मजल्यावर जर्मनी

उदगीरच्या माणसाने येळवस विसरावी, म्हणजे नवरदेवाने लग्नाची तारीख विसरावी. मी विसरलो, आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे खापर पंचांगावर फोडलं.

झालं असं. आमची मंजुश्री नर्स आहे. लातूरला शिकली, तिथेच नोकरीला लागली, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि तिकडच्या एका दवाखान्याने तिला बोलावलं. कागद आले त्या दिवशी मी बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर पेढे वाटले. घरी येताना तिच्यासाठी कुकर, तवा, डबे असं पोतंभर सामान घेऊन आलो. बायकोने, म्हणजे शिवकन्याने, पोतं दारातच अडवलं.

"जायचं ठरलंय कुठं अजून? न्या परत दुकानात."

"अगं, कागद आलेत की!"

"कागद जेवनार का तिच्यासंगं?"

खरा मुद्दा हाच होता. मंजूला एकटीला घास उतरत नाही. आमच्याकडे सगळे एका पंगतीला बसतात; कोणी यायचा राहिला असेल तर भाकरी झाकून ठेवून त्याची वाट बघतात. लातूरच्या वसतिगृहात मैत्रिणी सुट्टीवर गेल्या, तेव्हा ही पोरगी नुसत्या पाण्यावर राहून आजारी पडली होती. मीच जाऊन तिला घेऊन आलो होतो. शिवकन्या ते विसरलेली नव्हती. "तिकडं थंडीत एकटी ताटापुढं बसून रडंल ती," ती म्हणाली. "मी न्हाई सोडत." आणि अव्वाने, म्हणजे आईने, मनापासून हो म्हटल्याशिवाय आपण जाणार नाही, असं मंजूनेही सांगून टाकलं होतं. दोघी एकाच मातीच्या.

तोड मी काढली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गुरुजी बदली होऊन गेले होते, जिना बाहेरूनच होता. मंजूने आठ दिवस वर एकटीने राहायचं. वर म्हणजे जर्मनी. बाजारहाट, स्वयंपाक, धुणं तिचं तिने करायचं. खालून डबा जाणार नाही, ती जेवायला खाली येणार नाही. नीट खाऊन-पिऊन राहिली तर अव्वाने हसत पाठवायचं. खाली आली तर विषय बंद. दोघींनी मान्य केलं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की बोलायची सोय नाही.

पहिल्याच दिवशी शिवकन्याने शेंगांच्या चटणीचा डबा पिशवीत घालून मागच्या खिडकीखाली उभं राहून दोरी सोड म्हणून हाका मारल्या. वरून दोरी आली नाही, मंजूचं डोकं आलं.

"अव्वा, कस्टमवाले सोडत न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी वरचा नळ गळतो का बघावं म्हणून मी चपला हातात घेऊन जिना चढलो. मंजू दारात उभी. "अप्पा, व्हिसा?" मी गुपचूप खाली आलो. शिवकन्या मात्र भाकरी थापता थापता छताकडे कान लावून बसायची. "आत्ता पाट सरकला. बसली वाटतं जेवाया." मग थोड्या वेळाने, "लई लवकर उठली हो. जेवली का न्हाई कुणाला ठावं." मी तिला म्हणायचो, उगी कशाला घोर लावून घेतेस. पण कान माझेही वरच होते.

आणि मग एका सकाळी शेजारच्या साखराबाईंनी कुंपणावरून विचारलं, "येळवसला शेताकडं कवा निघनार?"

शिवकन्याच्या हातातली परात तशीच राहिली. "अहो! येळवस आली की ह्या आठ दिसांत!"

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली ज्वारी-ताकाची आंबील पोटाला तडस लागेपर्यंत हाणायची. ज्याला शेत नाही त्याला बोलावून न्यायचं. वाटेने जाणारा परका माणूससुद्धा जेवल्याशिवाय सुटत नाही. असा दिवस मी परीक्षेत घातला होता.

"मंजू," मी अंगणातून ओरडलो, "येळवसपुरती सुट्टी घे गं!"

"जर्मनीत येळवसची सुट्टी न्हाई, अप्पा," ती कठड्यावरून म्हणाली. "मला तितंबी ह्या दिवशी एकटीलाच ऱ्हायचंय. तुमी जावा."

आवाज जरा कापरा होता, की मला वाटला, कोण जाणे. शिवकन्याने पदर तोंडाला लावला आणि आंबिलीसाठी पीठ काढायला आत गेली.

येळवसला आम्ही तोंडार गावच्या आमच्या शेतात गेलो. हरभरा छान आला होता, पाहुणे होते, भज्जी झकास झाली होती. शिवकन्याने पूजा केली, सगळ्यांना वाढलं, आपलं ताट घेतलं आणि शेजारची जागा मोकळी ठेवून बसली. पहिला घास तिने हातातच धरला.

"गाव सगळं मोकळं. खानावळी बंद. पोरगी एकटी," ती म्हणाली. "आज न्हाई जेवनार ती. चला घरी."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी पेढे वाटले, पोतं भरलं, चार लोकांत छाती फुगवली, तरी ती वर हरावी असं मला मनातून वाटत होतं. हरली तर राहील. मी स्कूटर काढली. शिवकन्या मागे बसली, मांडीवर भज्जी आणि उंड्यांचा डबा, हातात आंबिलीची किटली.

उदगीर ओस पडलं होतं. एक शटर उघडं नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही गल्लीत वळलो आणि आमच्याच गच्चीवरून हसण्याचा गलका ऐकू आला.

जिना चढून गेलो. गच्चीवर चार काठ्यांना चादर बांधून कोप केली होती. आत पाच दगड, चुना लावलेले, समोर दिवा. आणि पंगत! पलीकडच्या दवाखान्यातल्या केरळच्या दोन नर्सा, आणि बँकेत नवीन आलेला ओडिशाचा साहेब. तो पाण्यासारखी आंबील पीत होता आणि मंजू त्याला उंडा भज्जीत कसा कुस्करायचा ते हिंदीत शिकवत होती.

"आज सगळं बंद असतंय," ती आम्हाला बघून म्हणाली. "ह्या बिचाऱ्यांना कुनी सांगितलंच न्हवतं. सकाळी दूध आनाया गेले तर दिसले, उपाशी फिरूलाले. ह्यांना शेत न्हाई, मला बी न्हाई. मग म्हनलं, या वर."

शिवकन्या गच्चीच्या दारातच थांबली. डबा छातीशी धरून तिने विचारलं, "आत येऊ का गं?"

"ये की. पन डबा भायेर. खालचं चालत न्हाई." मंजूने दोन पाट सरकवले. "अव्वा, येळवसला आलेला पावना जेवल्याबिगर जात न्हाई."

शिवकन्या बसली. मंजूने वाढलं आणि तिच्या शेजारी आपलंही ताट घेतलं. शिवकन्याने आंबिलीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "लई आंबवलीस." मग दुसऱ्यांदा मागून घेतली. तिचे डोळे वाहत होते, पण जेवण थांबलं नाही. सकाळपासून ती पहिल्यांदा जेवत होती.

"मंजे," थोड्या वेळाने तिने विचारलं, "तितं ज्वारी मिळती का?"

"मिळंल कुटंतरी. मी हुडकीन."

शिवकन्याने मान हलवली. ताटातला शेवटचा उंडा संपवला, हात धुतला आणि मग माझ्याकडे वळली.

"उद्या दुकानातनं ते भांड्यांचं पोतं आना. आन् त्यात आंबिलीसाठी एक स्टीलची चरवी घाला. मातीचं मडकं इमानात फुटंल."

मंजू हातातली पळी टाकून तिच्या गळ्यात पडली. केरळच्या पोरींना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "छोटी चरवी देतो, एका माणसापुरती."

"छोटी कशाला?" शिवकन्या म्हणाली. "मोठी घाला. हिच्या घरी पंगत असनार."