आधी डावीकडचं स्टेशन

मसलब्रूकच्या रेल्वे सिग्नल केबिनमध्ये एकतीस वर्षं काढलेला मर्व्ह टलक कागद वाचल्याशिवाय सही करत नसे. न्यूकॅसलच्या हॉस्पिटलात खाटेवर बसून त्याने तपासणीच्या संमतीचा कागद तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढला.

"बेव्ह सिस्टर, ही गाडी उलटी निघाली आहे."

"कुठली हो गाडी?"

"माझी! कॅन्सर उजव्या फुप्फुसात. आणि इथे पहिलं स्टेशन लिहिलंय डावं चार. मग सात, मग उजवं चार आणि शेवटी उजवं अकरा. बाजू चुकली आहे. मी नाही सही करत."

त्याच्या बायकोने, डोरीनने, कपाळाला हात लावला. "झालं! आता हा हॉस्पिटलचं वेळापत्रक दुरुस्त करणार."

बेव्ह मात्र हसली नाही. "शंका आली तर विचारायलाच हवं," असं म्हणून ती डॉक्टरांनाच घेऊन आली.

डॉ. निकोलाइडिसबाईंनी स्टूल ओढलं आणि कागदाच्या पाठीवर श्वासनलिका काढली. आजूबाजूला लसीकाग्रंथींच्या बारीक गाठी काढून त्यांना आकडे दिले.

"यांना आम्ही स्टेशनंच म्हणतो. तोंडातून एक बारीक नळी जाते, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. गाठ दिसली की सुईने थोड्या पेशी काढायच्या. कॅन्सर फक्त जवळच्या अकरापर्यंत आला असेल, तर ऑपरेशन करता येईल. मधल्या स्टेशनांवर सापडला, तर पुन्हा विचार करू. डावीकडे पोचला असेल, तर मात्र ऑपरेशन नाही."

"मग आधी जवळचंच बघा ना!"

"सुई तीच असते, मर्व्ह. अकरात कॅन्सर असला आणि तीच सुई नंतर डावीकडे घातली, तर इकडच्या पेशी तिकडे जातील. डावं स्टेशन स्वच्छ असूनही आम्ही फसू आणि तुमचं ऑपरेशन उगाच हुकेल. म्हणून सगळ्यात लांबून सुरुवात."

मर्व्हने चित्रावर डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. डोरीन म्हणाली, "म्हणजे भांडी घासायची रीत की! आधी ग्लास, मग ताटल्या, तेलकट ट्रे शेवटी. चाळीस वर्षं सांगतेय याला. हा आधी मटणाचा ट्रे बुडवतो, आणि मग त्याच पाण्यात ग्लासांना चरबी!"

"डोरीन, माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला याल का?" डॉक्टर म्हणाल्या.

मर्व्हने सही केली.

तपासणी झाली आणि दोघं घरी आली. निकालाला सहा दिवस लागले. गुरुवारी फोन वाजला तेव्हा मागच्या रुळांवरून कोळशाची गाडी चालली होती. डॉक्टरांना थांबवून मर्व्हने शेवटचा डबा जाऊ दिला.

"हं, सांगा."

"डावं चार स्वच्छ. सात स्वच्छ. उजवं चार स्वच्छ. अकरात पेशी सापडल्या. सर्जनशी बोलले मी. ऑपरेशन करता येईल."

'लाइन क्लिअर', पुढचा मार्ग मोकळा, हे शब्द त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितले होते. आज कुणीतरी ते त्याला सांगत होतं.

"त्या दिवशी मी म्हणालो, तुमची बाजू चुकली..."

"बरं झालं विचारलंत. खरंच चुकली असती तर?"

"आणि बेव्हला सांगा... ती हसली नाही, त्याबद्दल आभार."

रात्री जेवण झाल्यावर तो सिंकपाशी उभा राहिला. ट्रे बाजूला सारून त्याने आधी ग्लास उचलले. डोरीन फडकं घेऊन शेजारी आली. पहिला ग्लास तिने दिव्यासमोर धरला, पुसला आणि फळीवर ठेवला.