शरबताचा निळा ड्रम

मित्रांनो, मी भित्रा आहे. दोनशे लिटरचा, जाड प्लॅस्टिकचा, जुना निळा ड्रम, आणि भित्रा! हसा खुशाल. पण माझ्या पोटात काय भरलं होतं ते कळलं, तर तुम्हीही दोन पावलं मागे सराल.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी चांगला धीट होतो. अंगाला नवी चकाकी, डोक्यावर घट्ट झाकण. माझी रवानगी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात झाली. तिथे माझ्यात पिवळसर, तेलकट द्रावण ओतलं गेलं. त्याचा वास गोडसर, बूट पॉलिशसारखा. माझ्या अंगावर कवटीचं चित्र असलेला कागद चिकटवला. कामगार कोपरापर्यंत हातमोजे चढवल्याशिवाय मला शिवत नसत. मला वाटायचं, वा, काय आपला मान! मग एके दिवशी एकाचा हातमोजा फाटला आणि द्रावण त्याच्या हातावर सांडलं. थोड्या वेळात त्याचे ओठ जांभळे पडले आणि तो उभ्याचा खाली बसला. चौघांनी त्याला उचलून नेलं. त्या दिवसापासून मी जो घाबरलो तो घाबरलोच.

तिथे प्रभाकर नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. ते कारखान्याच्या साहेबांना म्हणाले, "सर, हाच रंग या द्रावणाशिवाय, साध्या पाण्यात बनतो. मी करून बघितलाय. वेळ थोडा जास्त लागतो, पण कुणाच्या अंगावर सांडलं तरी जिवाला धोका नाही. विष सांभाळत बसण्यापेक्षा ते आणायचंच कशाला?"

"पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाले. प्रभाकर मान खाली घालून निघून गेले.

द्रावण संपलं आणि मी भंगाराच्या गोदामात जाऊन पडलो. तिथे ठमाबाई ड्रम धुवायची. आपटा गावाजवळच्या वाडीवरची कातकरीण, पावसाळा सोडला तर मिळेल ते रोजाचं काम करणारी. तिला हातमोजे कोण देणार? उघड्या हातांनी तिने मला सोड्याने आतून घासलं. कवटीचा कागद निघेना, तेव्हा कोयत्याने खरवडला. माझ्या पोटावर एक लांब तिरका चरा उठला. धुता धुता तिला गरगरायला लागलं, तशी ती भिंतीला टेकून बसली.

मी वरून लख्ख झालो, पण खरी गोम पुढे आहे. आम्ही प्लॅस्टिकवाले दिसायला घट्ट असतो, तरी असली द्रावणं आमच्या अंगात मुरतात. लोणच्याच्या बरणीचा वास जातो का कधी? तसंच. वरून कितीही घासा, मुरलेलं आत राहतं आणि नंतर भरलेल्या पाण्यात हळूहळू उतरतं.

मे महिना होता, दोन हजार अठराचा. रोजे चालू होते. शहजादभाई मला विकत घेऊन, गोदामाच्या टेम्पोत घालून पनवेलला आपल्या घरी घेऊन आले. त्यांचं चपलांचं छोटं दुकान होतं. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि त्यांच्या मारियाची रोजाकुशाई चार दिवसांवर. मूल पहिला रोजा ठेवतं तेव्हा गल्लीला इफ्तारला बोलावतात ना, तीच. मारिया नऊ वर्षांची. चाळीस माणसांचं शरबत एवढ्या मोठ्या कशात करायचं? तर माझ्यात!

मला अंगणात उतरवलं तेव्हाच माझा जीव अर्धा झाला. शहजादभाईंच्या बायकोने, सफूराभाभींनी, आत डोकं घातलं आणि नाक मुरडलं.

"अहो, कसला वास येतोय याला!"

"नव्या वस्तूला येतोच. धुऊन घे, जाईल."

मी मनात ओरडलो, भाभी, तुमचं नाक खरं सांगतंय, त्याचं ऐका! मला तोंड नाही. वास हीच माझी बोली. पण भाभी पडल्या टापटिपीच्या. त्यांनी चिंच लावली, लिंबं चोळली, तरी वास हटेना. मग त्यांनी निखाऱ्यावर ऊद टाकला, धुपाटणं माझ्यात ठेवलं आणि वरून झाकण लावलं. त्यांच्या सासूबाई माठाला असाच ऊद द्यायच्या, पाणी सुगंधी व्हावं म्हणून. सलग तीन दिवस मला ऊद दिला. चौथ्या दिवशी भाभी खूश होऊन म्हणाल्या, "बघा, कसा घमघमतोय!"

मित्रांनो, माझी वाचाच गेली हो. विष होतं तिथेच राहिलं आणि ते सांगणारा वास तेवढा झाकला गेला.

रोजाकुशाईच्या दिवशी सकाळी माझ्यात चार हंडे पाणी भरलं. दुपारनंतर गुलाबाचा पाक, सब्जा आणि बर्फ पडला. चाखून बघायला घरात कुणी नव्हतं, सगळेच रोजेदार. उन्हं उतरायला लागली तशी मारिया सुकल्या ओठांनी माझ्याजवळ आली आणि माझ्या गार अंगाला गाल टेकून उभी राहिली.

"अम्मी, अजून किती वेळ?"

"तासभर गं, माझी शहाणी. पहिला ग्लास तुझाच."

पहिला ग्लास! तो कामगार, त्याचे जांभळे ओठ, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला कुणी लाथ मारून आडवं का करत नाही, असं झालं होतं मला.

तेवढ्यात दारात हाक आली. "जांभला घे गो भाभी, ताजी हायत." टोपली घेऊन ठमाबाई उभी होती. गोदामात काम नसलं की ती जांभळं विकायची. टोपली उतरवताना तिची नजर माझ्या चऱ्यावर गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"भाभी, यात काय भरलंस?"

"शरबत. लेकीचा पहिला रोजा आहे आज."

"ओतून दे! पोरीला पाजू नको ता." ठमाबाई पुढे सरसावली. "ह्यो डरम मी धुतलाय. हा चरा माज्या कोयत्याचा. कवटी होती यावर. ह्यो धुतला नि दोन दिस मी उठली नाय. माजे हात बग."

तिने हात पुढे केले. कातडी सोललेली, नखं काळीनिळी. शहजादभाई कावरेबावरे झाले. "अगं, धुतलाय म्हणून सांगून दिलाय मला. वाससुद्धा नाही आता. पाहुणे दारात येतील, रोज्याच्या दिवसांत एवढं शरबत फेकायचं?"

"वास मी घालवलाय," सफूराभाभी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ऊद देऊन देऊन मीच घालवलाय हो!"

त्यांनी दोन्ही हातांनी मला ढकललं. मी आडवा झालो आणि लालभडक शरबत मोरीकडे वाहत गेलं. मारिया हमसून हमसून रडायला लागली. मी सुटलो खरा, पण ते पाणीही पुढे कुठेतरी जाणारच, ही नवी भीती तेव्हाच मनात शिरली.

अजान झाली. मारिया खजूर खाऊन माठातलं साधं पाणी प्यायली, ग्लासावर ग्लास. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, पण भाभींनी तिकडे लक्ष दिलं नाही. ठमाबाईला मात्र हात धरून पाटावर बसवलं आणि पहिली बशी तिच्यापुढे ठेवली.

पाहुणे गेल्यावर शहजादभाई म्हणाले, "उद्या उलव्याला बांधकामाच्या साईटवर देऊन टाकतो. तिथल्या मजुरांना पाण्याला लागतातच ड्रम."

"तिथे कुणाची मारिया नाही का?" भाभींनी विचारलं.

ठमाबाई अजून तिथेच टोपली आवरत होती, कमरेला कोयता. भाभींनी ठमाबाईचा कोयता मागून घेतला आणि माझ्या बुडाशी घाव घातला. मग दुसरा. हात थकला तेव्हा उरलेले शहजादभाईंनी घातले.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. मी सांगतो, मला जपू नका. अंगणात निळा ड्रम असेल, तर विकणाऱ्याला विचारा, यात आधी काय होतं? उत्तर मिळालं नाही, तर त्यात पाणी भरू नका. आणि मोठे होऊन कुणी कारखाना काढलात, तर असलं विष लागणारच नाही अशी रीत आधी शोधा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

माझ्याबरोबर त्या टेम्पोत आणखी पाच ड्रम होते. ते वाटेत पाच दारांत उतरले. सगळे माझ्यासारखेच धुतलेले, लख्ख. ते बोलू शकत नाहीत, आणि ती घरं कोणती ते मला माहीत नाही.