मर्यादेच्या आत

चिमट्याने तिने गाळणकागद उचलला आणि तराजूच्या काचेआड ठेवला. काल गच्चीवरच्या यंत्रात घातला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. एका दिवसाची हवा ओढून आता पाटीसारखा काळवंडला होता. तिने वजन घेतलं, खात्रीसाठी पुन्हा घेतलं. आकडा गेल्या आठवड्याइतकाच वाईट होता. तेव्हा याच आकड्याला चौकातल्या फलकावर लाल दिवा लागला होता. आज हिरवा लागणार होता, कारण सोमवारपासून देशाने मर्यादाच वाढवून दिली होती. हवा सुधारायला वर्षं लागतात, मर्यादेला एक बैठक पुरते.

नदीपलीकडे दुसरा देश, आणि तिथे तिची धाकटी बहीण दिलेली. दुपारी तिचा फोन आला.

“आमच्याकडे शाळा बंद केल्या गं. तुमच्याकडे?”

“हिरवा आहे.”

“नदीवर भिंत बांधलीत की काय?”

दोघी हसल्या. मग बहीण म्हणाली, “लेकीला तेवढं बाहेर सोडू नकोस.”

हे सांगायलाच नको होतं. मुलीची छाती मुळातच नाजूक. जरा धावली की घरघर सुरू. संध्याकाळी तिने मुलीला घरातच ठेवलं. शेजारीण तान्ह्या नातवाला कडेवर घेऊन दारात डोकावली.

“तुमची नाही गेली मैदानावर?”

“अभ्यास आहे तिचा.”

“असं होय,” शेजारीण म्हणाली, आणि तिने आपल्या घरच्या पोरांना हाका मारून आत घेतलं. मुलीची आई हवेच्या खात्यात आहे हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खोटं बोलणं तर तिला कधी साधलंच नाही. तीन-चार दिवसांत मैदानावर चिटपाखरू दिसेना.

मग साहेबांनी बोलावलं. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली. साहेब कधी आवाज चढवत नसत. त्यामुळेच त्यांची जास्त धास्ती वाटे.

“वजनात काही चुकलं का, साहेब?”

“छे, छे! तुमचं काम चोख. पण फलक कुणी बघत नाही हो. सगळी वसाहत तुमच्या मुलीकडे बघते. पुढच्या आठवड्यात वरची मंडळी पाहणीला येतायत. फलक हिरवा आणि मैदान ओस, बरं दिसत नाही. तिला उद्यापासून खेळायला पाठवा.”

“साहेब, तिची छाती—”

“सक्ती नाही. तुम्हाला नसेल जमत, तर तराजूवर दुसरं कुणी बसवू. त्याच्या हातून वजन कमीच भरेल, तेवढं मी बघेन.” आणि साहेब प्रेमळपणे हसले.

घरी जाताना ती मनाशी हुज्जत घालत राहिली. आपण आहोत तोवर आकडा तरी खरा लागतो. आणि दहा मिनिटांनी काय होतंय? खात्यात चोवीस तासांची सरासरी काढायची रीत होती. दहा मिनिटं दिवसभरात वाटून टाकली की काहीच उरत नव्हतं. हिशेब बरोबर होता. तरी तिला स्वतःची चीड आली.

सकाळी तिने मुलीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

“खरंच जाऊ?”

“दहाच मिनिटं. आणि धावायचं नाही हं.”

मुलगी उड्या मारतच सुटली. ती मैदानात पोचते न पोचते तोच गल्लीतलं एक दार उघडलं, मग समोरचं, मग त्यापलीकडचं. कोंडून ठेवलेली पोरं आरडाओरडा करत धावली. आईने एकाच छातीचा हिशेब केला होता. सगळ्यांना ओरडून परत बोलवावं म्हणून ती पायरी उतरली, तेवढ्यात समोरून नातवाला घेऊन शेजारीण आली.

“तुमच्याच मुलीची वाट बघत होतो बाई,” शेजारीण म्हणाली, आणि बाळाच्या तोंडावरचं फडकं तिने बाजूला केलं. “घे रे राजा, मोकळी हवा घे.”