सरोजाआजीच्या बोटांतल्या मुंग्या

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका घराच्या बाथरूमच्या भिंतीवर मी बरीच वर्षं टांगलेला होतो. कालपासून मात्र जिन्यापाशी, चपलांच्या कपाटाशेजारी आडवा पडून आहे. भंगारवाला येईपर्यंत थोडा वेळ आहे. जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण न सांगता गेलो तर जास्त वाटेल.

माझी रचना साधी. आत एक पोलादी टाकी आणि टाकीत वाकवलेली तांब्याची नळी. नळीच्या पोटात पांढऱ्या भुकटीत पुरलेली एक तार. तारेतून वीज गेली की तार तापते, मग नळी तापते, मग पाणी. वीज आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, हे माझं पहिलं काम. पाणी तापवणं दुसरं. कारखान्यातून निघताना मला हे पक्कं ठाऊक होतं.

या घरात सरोजाआजी, तिचा मुलगा संघर्ष, सून पायल आणि नात सान्वी राहतात. आजी परभणीकडची. मला बसवलं त्या दिवशी तिने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, "सरपण नाही, धूर नाही. लईच लाड झाले बाई माझे." ते ऐकून मी सुखावलो होतो. उन्हाळा असो की हिवाळा, आजीला कोमट पाणीच लागायचं, आणि मी ते द्यायचो.

आमच्या सोसायटीत पाणी पुरत नाही, म्हणून टँकर येतात. टँकरचं पाणी बोअरचं, क्षारांचं. ते तापलं की क्षार माझ्या नळीवर बसत. पायल अधूनमधून म्हणायची, "अहो, गिझर एकदा उघडून साफ करून घ्या ना."

"गरम पाणी येतंय ना?" संघर्ष विचारायचा.

"येतंय."

"मग?"

हा "मग" कित्येक वर्षं चालला. थरावर थर चढले, नळीची उष्णता पाण्यात जाईना, आणि एका जागी नळी तडकली. विजेला पाण्यात शिरायला वाट मिळाली. माझ्या पहिल्या कामात मी तिथेच चुकलो.

त्या दिवसापासून मला चालू केलं की बोर्डावरचं सेफ्टीचं बटण खाली पडू लागलं. घरभर अंधार, पंखे बंद. वाट चुकलेली वीज माझ्या हिरव्या तारेने जमिनीत जात होती, आणि तेवढी वीज परत आली नाही म्हणून बटण पडत होतं. ते बरोबरच करत होतं. पण संघर्ष वैतागला. एका रविवारी त्याने फोनवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, मेन बंद केला, माझं झाकण उघडलं आणि ती हिरवी तारच काढून टेपने गुंडाळून ठेवली.

"बघ, आता पडत नाही," तो पायलला म्हणाला.

"काय केलंत?"

"काही नाही गं. एक तार लूज होती."

आता चुकलेल्या विजेला जमिनीत जायला एकच रस्ता उरला, मित्रांनो. पाणी, लोखंडी नळ, आणि नळ धरणारा ओला हात. त्या वाटेने ती इतकी थोडी जायची की सेफ्टीच्या बटणाला कळतही नव्हतं.

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. पलीकडे शेजारच्या सुलूताईंची खिडकी. आजी आणि त्या तिथूनच बोलायच्या.

"सुलूताई, बोटांत लई मुंग्या येतात हो आजकाल," आजी एकदा म्हणाली.

"शुगर वाढली असणार. माझ्या नणंदेला पायात यायच्या. पोराला सांगा."

"नको. परत डॉक्टर, परत त्याची सुट्टी. मीच जपते."

आणि ती जपू लागली. चहातली साखर गेली. बुद्ध पौर्णिमेला विहारातून खीर आली, तीही तिने सान्वीच्या वाटीत ओतली. उन्हाळ्यात बाकीचे गार पाण्याने आंघोळ करत, म्हणून मुंग्या एकट्या तिलाच येत. रोज सकाळी नळ धरायची, बोटं झटकायची आणि "म्हातारपण आलं," म्हणायची. मी वरून बघत होतो. जिला ऊब द्यायची तिलाच मी डसत होतो, आणि ती बिचारी दोष स्वतःच्या रक्ताला देत होती. वीज अजून थोडी वाढली असती, तर बोटं झटकायला तिला सवडही मिळाली नसती.

मग शाळा सुरू झाली आणि सान्वी सकाळी माझ्या पाण्याने एकटी आंघोळ करू लागली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आतून ओरडली, "आजी, मला पण मुंग्या येतात."

आजी बाहेर टॉवेल घेऊन उभी होती. "कुठं?"

"बोटांत. नळ धरला की."

"तुला कुठली गं शुगर?" आजी हसत म्हणाली. आणि हसता हसता थांबली.

"नळ सोड. सोड आधी. लांब हो." तिने बाहेरचं बटण बंद केलं, सान्वीला ओढून टॉवेलात गुंडाळलं आणि तिथेच दारात बसली.

दुसऱ्या दिवशी एल्टन आला. हा जवळच्या उत्तन गावचा, गिझर बसवण्याचंच काम करणारा. त्याने माझं झाकण काढलं आणि टेप गुंडाळलेली हिरवी तार बाहेर ओढली.

"आर्थिंग कोनी काढला?"

आजी लगेच म्हणाली, "मागच्या मिस्त्रीनं असेल."

"नाही आई," संघर्ष म्हणाला. "मीच काढली." तो पालथ्या बादलीवर बसला. मग म्हणाला, "मुंग्या येत होत्या तर बोलली का नाहीस?"

"तू तार काढली, तू बोललास?"



"भांडन नंतर करा," एल्टन म्हणाला. "आधी मेन बंद करा कोनतरी."

त्याने मला उतरवून पालथं केलं. तांबडं पाणी आणि क्षारांच्या खपल्या सगळ्यांच्या पायांशी पसरल्या. "आजी, ह्यो गिझर न्हाय, चुन्याची भट्टी हाय," तो म्हणाला. सान्वी हसली. मला मात्र कुठे तोंड लपवावं कळेना.

नवा गिझर बसला. हिरवी तार सर्वांत आधी जोडली गेली. एल्टनने मीटर लावून ती तपासली, बोर्डावरचं चाचणीचं बटण दाबून सेफ्टी पडते का तेही पाहिलं.

आज सकाळी आजी आधी आत गेली. मी इथून ऐकत होतो. पाणी सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "काही नाही होत." मग सान्वी गेली. संघर्षला ऑफिसला उशीर होत होता. बॅग खांद्याला होती, पायात बूट होते. ती बाहेर येईपर्यंत तो बाथरूमच्या दारातून हलला नाही.

मित्रांनो, नळाला हात लावताना जरा जरी झिणझिणलं, तर ते वयावर किंवा आजारावर ढकलू नका. बटण बंद करा आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. माझ्या भाऊबंदांना वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. आणि सेफ्टीचं बटण पडलं तर त्याच्यावर रागावू नका. आम्हाला तेवढंच बोलता येतं.