उलटा टांगलेला मिनोबे

मी एक जुना कापडी फलक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझं डोकं तापलेलं आहे. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे जावं.

कुरोसे गावात फुमिएबाईंचं टोफूचं दुकान आहे. त्या दुकानाचे जुने निळे पडदे जोडून त्यांनी मला शिवलं आणि पांढऱ्या रंगाने माझ्यावर एकच नाव रंगवलं, मिनोबे. हा आमच्या क्लबचा उजव्या बाजूने धावणारा फुटबॉलपटू. कोवळं पोर म्हणून आला तेव्हा त्याला गावातलं कुत्रंही ओळखत नव्हतं. बाई मला प्रत्येक सामन्याला कठड्यावर बांधायच्या आणि सामना संपला की मिनोबे माझ्यासमोर कमरेतून वाकून नमस्कार करायचा.

मग कोणीतरी त्याचा ओले केस पुसतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. झालं! जगभरातून लाखो हृदयं आली. नवी गर्दी फोन उगारून मैदानावर येऊ लागली. त्याने चेंडू कसा दिला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तो बदली होऊन बाहेर बसला की ती सामना टाकून निघून जायची. मला ती माणसं कधीच आवडली नाहीत.

गेल्या मोसमात आम्ही घरच्या मैदानावर सपाटून मार खाल्ला. खेळाडू रांगेने आमच्यासमोर वाकले. मिनोबे ताठ होतो न होतो तोच फुमिएबाई ओरडल्या, "बावळटा, आधी नाडी बांध, पडशील!" त्याने बुटाकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. लांबून कोणीतरी ते टिपलं. व्हिडिओत त्याचं हसू आलं, बाईंचा आवाज आला नाही. 'हरूनही दात काढतो' म्हणून कालचे भक्तच त्याला हाकला म्हणू लागले.

आमच्याकडे खेळाडूवर राग असला की त्याचा फलक उलटा टांगतात. त्याहून मोठा अपमान नाही. पण ज्याचा फलक, त्याची परवानगी लागते. आमच्या चाहत्यांच्या गटाचा म्होरक्या, ढोल वाजवणारा इतागाकी, दुकानात आला.

"काकू, उद्या हा उलटा लावू."

"का? त्याला हसवलं मी."

"ते तुम्हाला-मला माहीत. क्लब त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवतोय. आपण गप्प बसलो तर त्याचे चमचे ठरू."

"ठरू दे. चमच्याने निदान जेवता तरी येतं."

बाईंच्या भाचीने त्यांच्या तोंडून खरी हकिकत इंटरनेटवर टाकली. कोणी पाहिली नाही. बाईंचे केस ओले नव्हते ना!

दुसऱ्या दिवशी मैदानावर मला सरळ बांधून बाई गरम सूपच्या रांगेत गेल्या आणि इतागाकीने मला उलटा टांगला. मिनोबे मैदानात आला, त्याने मला पाहिलं आणि नेहमीपेक्षा खाली वाकला. तेही टिपलं गेलं. किती नम्र, किती देखणा म्हणून पुन्हा हृदयं आली. थू!

बाईंनी परत येताच मला ओरबाडून काढलं. त्यात माझा कोपरा फाटला. पुन्हा कोणी मला उलटा टांगू नये म्हणून त्यानंतर त्यांनी मला मैदानावर नेलंच नाही. मग रिकाम्या कठड्याचा फोटो फिरला, 'त्याच्या म्हातारीनेही त्याला सोडलं'.

क्लबने त्याला काढलं. तो फोटो मिनोबेनेही पाहिला आणि खरा मानला. गाव सोडताना तो दुकानाकडे फिरकला नाही. बाई दिवसभर दाराकडे पाहत बसल्या होत्या.

मित्रांनो, माझा फाटका कोपरा शिवायला खुशाल या. पण ज्याने तो फोटो पुढे पाठवला, त्याने मला हात लावू नये.