निर्मळ मनाचा पाय

नशिराबादच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरून सुईबाबा माइकमध्ये गर्जत होते, "ज्याचं मन निर्मळ, त्याला माझी सुई दुखत नाही! बोला, दुखली?"

पोटऱ्यांत ॲक्युपंक्चरच्या सुया घेऊन बसलेल्या लताबाई दात आवळून म्हणाल्या, "नाही, बाबा!" सगळ्या रांगेने तेच सांगितलं. भर गावात स्वतःला पापी कोण म्हणवून घेणार?

मधल्या खुर्चीत, तळपायात सुया असूनही, गिरधरनाना चक्क हसत होते. गावात आलेल्या प्रत्येक भगताची रेवडी उडवणारे ते हेच नाना. इथेही ते बाबांचं पितळ उघडं पाडायलाच आले होते. सुई घुसली की असं बोंबलायचं की बाबा थेट धुळ्याला पळाला पाहिजे, असा बेत होता. पण सुई घुसली आणि नानांना कळलंच नाही! बोंबलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"असा निर्मळ आत्मा मी पाहिला नाही!" बाबांनी जाहीर केलं. जन्मभर तिरसट म्हणून ओळखल्या गेलेल्या नानांना स्वतःचा आत्मा एकदम आवडायला लागला. तेव्हापासून ते रोज नमुना म्हणून खुर्चीत बसत. बाबांच्या सांगण्यावरून नानांच्या मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, चपलाही सुटल्या. केळीच्या बागेतसुद्धा निर्मळ आत्मा अनवाणीच हिंडू लागला.

शेवटी त्यांच्या बायकोने, मंदाबाईंनी, जळगावला डॉक्टर असलेल्या पुतणीला फोन केला. "मयुरी, तुह्या काकानं गोळ्या सोडल्या. अन् घरात फरशीवर रक्ताचे डाग पडून राह्यले."

मयुरी आली ती थेट व्यासपीठावरच चढली. तिने नानांच्या पायातल्या सुया काढल्या. "नाना, डोळे मिटा. मी पायाला हात लावला की सांगा."

नानांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. खाली खसखस पिकली.

"लाव ना पोरी, कव्हाची वाट पाहून राह्यलो!"

"कधीची चिमटे घेतेय, नाना."

नानांनी डोळे उघडले. मयुरीची नखं त्यांच्या अंगठ्यात रुतली होती. तिने पाय उचलून लोकांना दाखवला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि भोवती पू धरला होता.

नाना घाबरले. काटा कधी घुसला, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात," मयुरी म्हणाली. "ॲक्युपंक्चरची सुई बारीक असते, तरी बहुतेकांना जराशी टोचते, मग तिथे जड वाटतं. पण इथे चिमटाही कळत नाही. हा चमत्कार नाही, आजार आहे. आणखी उशीर झाला असता, तर पाय कापावा लागला असता."

"विज्ञान जिथे थकतं, तिथे आमची सुई..." बाबांनी सुरू केलं.

"ओ बाबा, मले तं लई टोचली व्हती!" लताबाई कडाडल्या. "आत्ताबी टोचून राह्यली!"

"मलेबी!" "मलेबी!" बघता बघता रांगेतली सगळी निर्मळ मनं पापी झाली. बाबा मागच्या दाराने पसार झाले. घाईत चपला तिथेच राहिल्या.

नानांनी माइक ओढला. "भाऊंनो, मी बाबाले पकडाले आल्तो, अन् कौतुक ऐकून मीच सापडलो. सुई पायात होती, पन फुगलं माह्यं डोकं. दुखलं तं दुखलं म्हना. अन् काहीच नाही कळलं, तं डॉक्टरले दाखवा. गोळ्या कोन्या बाबाच्या सांगण्यावरून सोडू नका."

मयुरीने काटा काढून टाचेला पट्टी बांधली आणि बाबांच्या चपला पुढे सरकवल्या. नानांनी त्या घातल्या. पायात नीट गेल्या की नाही, हे त्यांना वाकून पाहावं लागलं.